रुग्णालयीन सुरक्षा, मुंबई उपनगरांतील

रुग्णालयीन सुरक्षा, मुंबई उपनगरांतील : रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यक्तीस तिच्या मूळ आजाराखेरीज अन्य कारणांनी, म्हणजे आग, धूर, संसर्ग, चुकीचे औषध, सदोष उपकरणे किंवा सेवकवर्गाचे अज्ञान यांमुळे, अपाय होऊ नये म्हणून जी व्यवस्था केली जाते, तिला रुग्णालयीन सुरक्षा म्हणतात. इमारतीची योग्य रचना, यंत्रसामग्रीची देखभाल, सूचनाफलक आणि सेवकवर्गाचे प्रशिक्षण ही तिची प्रमुख अंगे होत. नाट्यगृह, शाळा किंवा कारखाना यांत संकट उद्‌भवल्यास तेथील माणसे स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकतात. रुग्णालयातील अनेकांना ते शक्य नसते. शस्त्रक्रियेच्या मेजावरील, कृत्रिम श्वसनयंत्रावरील किंवा उबदार पेटीत ठेवलेल्या नवजात अर्भकाचे प्राण जवळच्या सेवकाने पुढील काही मिनिटांत काय केले यावर अवलंबून असतात. त्यामुळे रुग्णालयीन सुरक्षेचा इतिहास हा बऱ्याच अंशी सेवकवर्गाच्या शिक्षणाचा इतिहास ठरतो.

पार्श्वभूमी : रुग्णालयातील कामाच्या पद्धतीमुळेच रुग्ण दगावू शकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम स्पष्टपणे दिसून आले. व्हिएन्ना येथील प्रसूतिरुग्णालयात इग्नाझ झेमेलव्हाइस या वैद्याने १८४७ मध्ये विद्यार्थ्यांना व वैद्यांना क्लोरीनयुक्त द्रावात हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रयत्नांतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली आणि परिचर्या हा शिकून करावयाचा व्यवसाय बनला [→ परिचर्या].

मुंबईतील जुनी मोठी रुग्णालये मूळ शहरात उभी राहिली. जमशेटजी जिजीभाई रुग्णालय (१८४५), कामा रुग्णालय (१८८६) आणि राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय (१९२६) ही त्यांपैकी काही होत. साष्टी बेटावरील गावे त्या काळी शहराच्या हद्दीबाहेर होती. १९५० मध्ये उपनगरे व १९५७ मध्ये विस्तारित उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली, तेव्हा महानगरपालिकेची हद्द पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंत पोहोचली. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, अंधेरी व कांदिवली या भागांत कारखाने वाढले, त्यांमागून कामगारवस्ती वाढली. या वस्तीसाठी दोन प्रकारची सार्वजनिक रुग्णालये विकसित झाली. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती व मुलुंडचे अगरवाल ही महानगरपालिकेची रुग्णालये होत. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाखालील मुलुंड, कांदिवली व अंधेरी येथील रुग्णालये ही दुसऱ्या प्रकारची होत. यांच्या जोडीला निवासी इमारतींच्या तळमजल्यावर व पहिल्या मजल्यावर खाजगी शुश्रूषागृहे मोठ्या संख्येने निघाली. त्यांच्या नोंदणीसाठी मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होता. प्रशासनाच्या दृष्टीने मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये अस्तित्वात आला.

सेवकवर्ग व त्याचे शिक्षण : मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम १९४७ मध्ये व महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला. त्यामुळे परिचारिकेचा अभ्यासक्रम, परीक्षा व नोंदणी यांना निश्चित स्वरूप आले. कक्षसेवक, आया, सफाई कामगार, उद्‌वाहनचालक व सुरक्षारक्षक यांच्यासाठी मात्र अशी समान व सक्तीची शिक्षणव्यवस्था झाली नाही. जुन्या सेवकाजवळ राहून नव्याने काम शिकावे, ही त्यांची परंपरागत पद्धत होय. कायम सेवकवर्ग वर्षानुवर्षे एकाच कक्षात काम करीत असे, तोवर ती काही प्रमाणात पुरेशी पडे. पुढे अनेक कामे कंत्राटदारामार्फत करून घेण्याची प्रथा वाढली आणि सेवक वारंवार बदलू लागले, तेव्हा अनुभव पुढे देण्याची ही साखळी दुबळी झाली. रुग्णाची चाकाची खाट हलविणारा, ऑक्सिजनचे नळकांडे आणणारा व रात्री दाराशी बसणारा माणूस हाच सर्वांत कमी शिकविलेला राहिला.

सूचनाफलक : रुग्णालयाच्या भिंतीवरील फलक तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार कायद्याने आवश्यक ठरविलेल्या फलकांचा होय, उदा., येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशी सूचना १९९४ च्या अधिनियमानंतर प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात लागली. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम २०१० मध्ये झाला. त्यातील शिक्षेची माहिती देणारे फलकही अनेक ठिकाणी आढळतात. दुसरा प्रकार दैनंदिन कामाच्या सूचनांचा होय. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम प्रथम १९९८ मध्ये झाले व २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांनुसार संसर्गित व शारीरिक कचऱ्यासाठी पिवळा, दूषित प्लॅस्टिकसाठी लाल, सुया व धारदार वस्तूंसाठी पांढरा आणि काचेसाठी निळा रंग ठरविण्यात आला. अक्षरओळख नसलेल्या सेवकासही रंग समजत असल्याने हा फलक विशेष उपयुक्त ठरला. तिसरा प्रकार संकटसूचक फलकांचा असून बाहेर पडण्याचा मार्ग, अग्निशामक उपकरणाची जागा, धोक्याचे क्षेत्र इ. गोष्टी त्यांत येतात. उपनगरांतील रुग्ण व नातेवाईक मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा भिन्न भाषा बोलणारे असल्याने अशा फलकांत अक्षरांबरोबर चित्र असणे आवश्यक मानले जाते.

फलक असला तरी त्यामागील कारण सेवकाला समजलेले नसेल, तर तो निरुपयोगी ठरतो. मूळ शहरातील नायर रुग्णालयात २७ जानेवारी २०१८ रोजी घडलेल्या दुर्घटनेने हे उघड झाले. एका रुग्णाबरोबर आलेला तरुण ऑक्सिजनचे धातूचे नळकांडे घेऊन एमआरआय कक्षात गेला, यंत्राच्या चुंबकाने त्यास नळकांड्यासह खेचून घेतले व त्याचा मृत्यू झाला. यंत्र बंद असल्याचे सेवकांनी सांगितले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात अशा यंत्राचे अतिसंवाहक चुंबक प्रतिमा घेण्याचे काम थांबल्यावरही कार्यरत असते. ‘धातू आणू नये’ या सूचनेबरोबर ‘चुंबक कधीच बंद नसतो’ ही गोष्ट कक्षसेवकापर्यंत पोहोचविणे, हाच खरा उपाय होय.

मरोळची आग : अंधेरी (पूर्व) येथील मरोळमधील कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या कामगार रुग्णालयास १७ डिसेंबर २०१८ रोजी दुपारी चारच्या सुमारास आग लागली. त्या वेळी इमारतीत दुरुस्ती व नूतनीकरणाचे काम चालू होते. तळमजल्यावर ठेवलेले रबरी साहित्य पेटल्याचे वृत्त होते. दाट धूर जिन्यांवाटे वरच्या मजल्यांवर पसरला. रुग्ण, नातेवाईक व सेवक खिडक्यांपाशी अडकले; काहींनी खाली उड्या टाकल्या. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिड्यांवरून अनेकांना उतरविले. रस्त्याने जाणाऱ्या, खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या एका तरुणानेही शिडीवर चढून काही जणांची सुटका केली. पहिल्या दिवशी सहा जण मृत्यू पावले, पुढील दिवसांत मृतांची संख्या वाढत गेली आणि शंभरांहून अधिक लोक जखमी झाले. जखमींना कूपर, होली स्पिरिट, जोगेश्वरीचे ट्रॉमा इ. रुग्णालयांत हलविण्यात आले. इमारतीस अग्निशमन विभागाचे अंतिम ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते, ही बाब नंतर पुढे आली.

अशा आगीत ज्वालांपेक्षा धूर अधिक घातक असतो. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी तळघरात लागलेल्या आगीचा धूर वातानुकूलनाच्या मार्गांनी वरच्या कक्षांत शिरला व सु. ९० जण मृत्युमुखी पडले. कार्बन मोनॉक्साइडमुळे झोपलेला रुग्ण जागा होण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून दारे बंद करून धूर अडविणे हे पाण्याचा मारा करण्याइतकेच महत्त्वाचे असते. दुरुस्तीच्या काळात रुग्णालय चालू ठेवल्यास धोका वाढतो, कारण ज्वालाग्राही साहित्य, वितळजोडकामाच्या ठिणग्या व अडविलेले मार्ग एकाच वेळी एकत्र येतात.

कायदे व तपासणी : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा २००८ पासून अंमलात आला. त्यानुसार अग्निसुरक्षेची जबाबदारी इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर असून परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. करोना साथीच्या काळात रुग्णालयांतील आगींची स्वतःहून दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला. प्रत्येक कोविड रुग्णालयात जबाबदार अधिकारी नेमावा व दर महिन्यास अग्निसुरक्षेची तपासणी करावी, असे त्यात म्हटले होते.

त्यानंतरच्या वर्षातही महाराष्ट्रात दुर्घटना घडतच राहिल्या. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी १७ अर्भकांपैकी १० दगावली व ७ वाचविण्यात आली. भांडुप येथील एका मॉलमध्ये २५–२६ मार्चच्या रात्री लागलेल्या आगीचा धूर वरील मजल्यावरच्या कोविड रुग्णालयात पोहोचून रुग्णांना प्राण गमवावे लागले. विरार येथील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात २३ एप्रिल रोजी किमान १३ व अहमदनगर जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर रोजी किमान ११ रुग्ण मरण पावले. यांपैकी भंडारा, भांडुप व विरार येथील आगी मध्यरात्री किंवा पहाटेपूर्वी लागल्या. कोलकात्याचीही तशीच होती. रात्रपाळीत सेवक थोडे असतात, अनुभवी अधिकारी घरी असतात व नातेवाईक झोपलेले असतात. दुपारी, पूर्वसूचना देऊन केलेला सराव या परिस्थितीची परीक्षा घेऊ शकत नाही.

प्रशिक्षणाचे स्वरूप : रुग्णालयीन अग्निसुरक्षेच्या सरावात सामान्यतः चार कृतींचा क्रम शिकविला जातो : धोक्यातील रुग्णास प्रथम दूर नेणे, इतरांना सावध करून अग्निशमन दलास कळविणे, दारे-खिडक्या बंद करून आग व धूर कोंडणे आणि शक्य असल्यासच आग विझविणे. सर्व रुग्णांना एकदम जिन्याने खाली आणणे अशक्य असते. म्हणून त्यांना त्याच मजल्यावरील अग्निरोधक दारापलीकडच्या भागात प्रथम न्यावे, असे आडवे स्थलांतर श्रेयस्कर मानले जाते. चादरीवरून रुग्ण ओढत नेण्याची पद्धत दोन सेवकांनाही जमते. ऑक्सिजनने समृद्ध झालेल्या हवेत कापड व प्लॅस्टिक अतिशय वेगाने जळतात, म्हणून कक्षाची ऑक्सिजनची झडप बंद करणे अत्यावश्यक असते. ती बंद होताच श्वसनयंत्रावरील रुग्णांचा पुरवठाही थांबतो. हा निर्णय कोणी घ्यावा व त्यापूर्वी हातपंप व लहान नळकांडी कोठून आणावीत, हे आधी ठरलेले असावे लागते.

पूर्वतयारीचा परिणाम एप्रिल २०२१ मध्ये दिसून आला. ऑक्सिजन अपुरा पडू लागल्याने मुंबई महानगरपालिकेने १६–१७ एप्रिलच्या रात्री आपल्या सहा रुग्णालयांतील १६८ रुग्ण, साठा संपण्यापूर्वीच, इतर केंद्रांत हलविले. त्या साथीत गोरेगाव, मुलुंड व दहिसर येथे उभारलेल्या भव्य उपचारकेंद्रांमुळे त्यांच्यासाठी जागा उपलब्ध होती. यानंतर चारच दिवसांनी, २१ एप्रिल रोजी, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन पुरवठा खंडित झाला व किमान २२ रुग्ण दगावले. दोन्ही घटनांची कारणे भिन्न होती. तथापि पुरवठा तुटण्यापूर्वी धोका ओळखण्यास अवधी मिळणे व तो ओळखणारी यंत्रणा असणे याला किती महत्त्व आहे, हे त्यांवरून कळते.

रुग्णसेवेतील सुधारणा : आगीसारख्या क्वचित घडणाऱ्या संकटाप्रमाणेच रोजच्या चुकाही प्राणघातक ठरतात. मुंबईतच जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण मरण पावले व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदी व तपासणी यांतील दोष दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर वाचावयाची तपासणीसूची प्रसिद्ध केली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा प्रयोग केला असता मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग निश्चित करण्यात आले. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

या सुधारणांना फारसा खर्च लागत नाही. मात्र परिचारिकेने शल्यविशारदास थांबवावे, आयेने बंद पडलेला दिवा कळवावा व कक्षसेवकाने न समजलेली सूचना पुन्हा विचारावी, अशी मोकळीक त्यांस आवश्यक असते. झालेली चूक नोंदविणाऱ्यास शिक्षा होत असेल, तर चुका लपविल्या जातात व त्याच पुन्हा घडतात. उपनगरांतील मोठ्या रुग्णालयांत तपासणी व मानांकन यांची पद्धत रुजू लागली आहे. निवासी इमारतींतील लहान शुश्रूषागृहांत दुसरा जिना, पुरेशी जागा व रात्रपाळीचा प्रशिक्षित सेवक या तिन्ही गोष्टींचा प्रश्न अधिक बिकट आहे. प्रमाणपत्र इमारतीस मिळते. रुग्णास उचलून नेण्याचा सराव मात्र प्रत्येक नव्या सेवकास, प्रत्येक पाळीत, नव्याने द्यावा लागतो.