मानाचा गलेफ

मिरजेत पहिला मान कोणाचा, यावर आमच्या आजोबांशी वाद घालण्यात अर्थ नसे. मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात कबरीवर चढणारा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा. बाकीचे मागून. "संस्थानिक असो नाहीतर कलेक्टर, तिथं रांगेतच उभं राहायचं," असं ते ठणकावून सांगत. जणू रांग लावायचं काम त्यांच्याकडेच होतं! आजोबा ब्राह्मणपुरीतले, पेशानं शाळामास्तर. दर्ग्याशी त्यांचा संबंध गाण्यापुरताच, पण तो बाकी सगळ्या संबंधांवर मात करणारा.

उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे, पण राहिले मिरजेत. 1937 मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं देहावसान झालं, तेव्हा त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्यात दफन केलं. त्यांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. खाँसाहेबांची लेक हिराबाई बडोदेकर. खाँसाहेब गेले तेव्हा आजोबा शाळकरी पोर होते. तरी उरुसात रात्ररात्र चालणारं गाणं "ऐकलं" म्हणून जे काही ते सांगत, त्यातलं निम्मं त्यांच्या वडिलांचं असणार. आम्ही कधी हिशेब मागितला नाही.

तंबोऱ्याची जवारी बिघडली की आजोबा मला घेऊन सतारमेकर गल्लीत जात. त्या गल्लीतले कारागीर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम संपत आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. पुढे त्यांच्यातल्या कित्येकांचं आडनावच सतारमेकर झालं. लाकूड तुणाचं आणि भोपळा पंढरपूरकडचा. वारकऱ्यांच्या मुलखात पिकलेला भोपळा मुसलमान कारागिराच्या हातून निघून किराणा घराण्याच्या गवयाच्या मांडीवर जाई, आणि यात काही विशेष आहे असं गल्लीत कोणालाच वाटत नसे. भोपळा वाळलाय की नाही, यावर मात्र तासभर खल चाले.

जवारी लावणं मी जवळून पाहिलंय. आजोबा ज्यांना 'चाचा' म्हणत ते म्हातारे कारागीर घोडीवर कानस फिरवत, तार छेडत, पुन्हा फिरवत. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत केसभर पुढे, केसभर मागे. एका क्षणी आवाज उघडे, तारेतून दुसरे स्वर झिरपू लागत आणि आजोबा डोळे मिटून घेत. चाचा त्यांच्याकडे न बघताच म्हणत, "मास्तर, अजून नाही."

हेच चाचा आमच्याकडे आले की आजी त्यांना चहा देई कोनाड्यातल्या वेगळ्या कपबशीतून. कान तुटलेला तो कप दुसऱ्या कोणाला मिळत नसे. चाचांना ते ठाऊक होतं. चहा झाला की ते स्वतःच कप विसळून कोनाड्यात ठेवत. आजोबांच्या सांगण्यात खाँसाहेब येत, गलेफ येई, ही कपबशी कधी आली नाही. जुन्या सलोख्याचं कौतुक सुरू झालं की मला आधी ती आठवते. आपलं गाव एकत्र नांदलं ते मोठ्या मनामुळे, असं मला वाटत नाही. प्रत्येकाचा मान ठरलेला होता आणि प्रत्येकाचं काम दुसऱ्यावाचून अडत होतं. त्यात माया होती, तशी पायरीही होती.

2009 च्या गणेशोत्सवात अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली. संचारबंदी लागली, विसर्जनं खोळंबली, आणि झळ सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत गेली. आजोबा तोवर गेले होते. त्यांचा तंबोरा दुरुस्तीला गल्लीतच होता. संचारबंदी उठल्यावर काका तो आणायला गेला. चाचांच्या नातवानं तंबोरा जुळवून ठेवला होता. दोघांनी दंगलीबद्दल अवाक्षर काढलं नाही, मजुरीवरून मात्र अर्धा तास घासाघीस केली, आणि शेवटी नातवानं सांगितला तोच आकडा काकानं मोजला.

काका ही गोष्ट अभिमानानं सांगतो. म्हणतो, बघ, काही बदललं नाही. मला त्यांचं ते न बोलणं अजून खटकतं.