पोळी राहिली, बोली गेली

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेकोरा नावाचे छोटेसे गाव आहे. वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. दरवर्षी जुलैच्या अखेरीस तिथे ‘नॉर्डिक फेस्ट’ नावाची जत्रा भरते. मुले नॉर्वेचा पारंपरिक वेश घालून नाचतात, लाकडी भांड्यांवर फुलावेलींची नक्षी रंगवली जाते, आणि लेफ्से नावाच्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांवर लोकांची झुंबड उडते. मी पडलो कविता लिहिणारा. अशा जत्रेचे वर्णन वाचले की मनात येते, या साऱ्यात भाषा कुठे आहे?

नॉर्वे डोंगराळ, शेतीलायक जमीन थोडी, खाणारी तोंडे वाढलेली. ४ जुलै १८२५ रोजी स्टावांगर बंदरातून ५२ माणसांचे गलबत अमेरिकेला निघाले. पुढच्या शंभर वर्षांत त्या वाटेने आठ लाखांवर माणसे गेली. डेकोराच्या परिसरात ती १८५० पासून वसू लागली. तिथल्या हो-चंक या मूळ रहिवाशांना सरकारने १८४८ मध्ये हलवले होते. वाउकॉन डेकोरा हा त्यांचाच पुढारी. माणसे गेली, नाव गावाला राहिले.

नव्या मंडळींनी आपली बोली मात्र जपली. ब्रिनिल्ड आनुन्सेन यांनी १८७४ मध्ये ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र काढले. दूरदूरच्या शेतांवरच्या घरांत ते जाई.

मग महायुद्ध आले. मे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढले: शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवर, सार्वजनिक ठिकाणी फक्त इंग्रजी बोलायची. चर्चमधले प्रवचनही इंग्रजीतच. रोख जर्मनांवर होता, पण तडाखा सर्वांना बसला. डिसेंबरात ते मागे घेतले गेले. तरी आपली भाषा चारचौघांत बोलणे म्हणजे संशय ओढवून घेणे, हा धडा लोकांनी गिरवला होताच. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी घरातही इंग्रजी आली.

त्याच १९१८ साली ‘पोस्टेन’मध्ये पीटर रोझेनडाल नावाच्या शेतकऱ्याची चित्रमालिका सुरू झाली. तिच्यातली पात्रे इंग्रजी शब्द मिसळलेल्या बोलीत बोलत. मला ही मिसळ भाषेच्या जिवंतपणाची खूण वाटते. जिवंत भाषाच शेजारणीकडून उसने आणते.

नॉर्डिक फेस्ट सुरू झाला १९६७ मध्ये. ‘पोस्टेन’ बंद पडले १९७२ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी. वाचणारेच उरले नव्हते.

मंडळी, मी जत्रेला नावे ठेवत नाही. आजीची पोळी नातीने लाटावी, याहून गोड काय? पण पोळी आणि नाच वर्षातून तीन दिवस जपता येतात. भाषा तशी जपता येत नाही. तिला रोजचे भांडण लागते, हिशेब लागतो, अंगाई लागते. डेकोरात हो-चंकांचे नाव राहिले, नॉर्वेकरांची पोळी राहिली. दोघांची बोली मात्र गावाच्या रोजच्या व्यवहारातून गेली.