लॅकॉनिकचं माहेर

मोजक्या शब्दांत, कोरडेपणानं, तरीही वर्मी लागेल असं बोलणं म्हणजे इंग्रजीतलं 'लॅकॉनिक'. नुसतं थोडक्यात बोलून भागत नाही, समोरच्याची बोलती बंद व्हावी लागते. हा गुण एका मुलखाच्या नावावर जमा आहे. ग्रीसच्या दक्षिणेला, पेलोपोनीजच्या आग्नेय भागात लॅकोनिया नावाचा प्रांत आहे. युरोटास नदीकाठचं स्पार्टा हे त्यातलं मुख्य शहर. शब्दाचा मूळ अर्थ 'लॅकोनियाचा' एवढाच. 'कोल्हापुरी' म्हटलं की गावाआधी ठसका आठवावा, तसं या शब्दाचं झालं.

या स्वभावाचा सर्वांत मजेदार दाखला ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं नोंदवलाय. इ.स.पू. सहाव्या शतकात सामोस बेटाचा हुकूमशहा पॉलिक्रातीस याच्याशी बिनसलेले काही सामोसकर मदत मागायला स्पार्टात आले. गरजू माणसं बोलतात तसे ते भरपूर बोलले. ऐकून स्पार्टावाले म्हणाले, सुरुवातीचं विसरलो, त्यामुळे शेवटचं कळलं नाही. दुसऱ्या खेपेला पाहुण्यांनी एक रिकामी थैली आणली आणि म्हणाले, थैलीला पीठ हवंय. यावर उत्तर आलं की 'थैली' हा शब्द नसता तरी चाललं असतं. ती समोर दिसतच होती! गंमत म्हणजे एवढं टोचून झाल्यावर त्यांनी मदत दिली. सामोसला 40 दिवस वेढा घातला आणि हात हलवत परत आले.

हे बोलणं उपजत नव्हतं, घोटून घेतलेलं होतं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की रात्रीच्या जेवणानंतर मुलांचा तरुण नायक त्यांना प्रश्न विचारी, उदाहरणार्थ गावात सगळ्यांत भला माणूस कोण. उत्तर थोडक्यात, पण कारणासकट द्यायचं. गुळमुळीत उत्तर देणाऱ्याच्या अंगठ्याला नायक कडकडून चावे. वक्तृत्वाचे वर्ग पुष्कळ पाहिले, हा प्रकार निराळा.

स्पार्टाचं हे वेड ॲथेन्समध्येही पोचलं. तिथे स्पार्टाची बाजू घेणं, त्यांची नक्कल करणं यासाठी वेगळं क्रियापदच होतं. आखूड वस्त्र पांघरणाऱ्या, मुष्टियुद्धात कान सुजवून घेणाऱ्या या हौशी मंडळींची थट्टा प्लेटोच्या 'प्रोटागोरस'मध्ये आहे. सॉक्रेटिस तिथे अर्धं गमतीनं म्हणतो की स्पार्टावाल्यांचं खरं बळ लढण्यात नाही, शहाणपणात आहे. साधा दिसणारा माणूस मध्येच नेमबाजासारखं एक वाक्य फेकतो आणि समोरचा पोरासारखा दिसू लागतो.

सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपची. मी लॅकोनियात शिरलो तर तुम्हाला उद्ध्वस्त करीन, असा त्यानं निरोप धाडला. परत आलेलं उत्तर एका शब्दाचं: 'जर'. गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच टाळी घेऊन थांबतात. पुढचं असं की इ.स.पू. 338 मध्ये, कायरोनियाची लढाई जिंकल्यावर, फिलिप खरोखरच लॅकोनियात शिरला. मुलूख लुटला, सीमेवरचे भाग तोडून शेजाऱ्यांना वाटले. स्पार्टा शहर तेवढं त्यानं सोडलं.

आणि हे सगळं आपल्याला सांगितलं कुणी? स्पार्टानं स्वतःबद्दल फारसं लिहूनच ठेवलं नाही. हिरोडोटस हालिकार्नाससचा, प्लेटो ॲथेन्सचा. 'जर'ची गोष्ट सांगणारा प्लुटार्क तर फिलिपनंतर चारेकशे वर्षांनी झाला, आणि तीही त्यानं वाचाळपणावरच्या लांबलचक निबंधात घातली. त्यामुळे यातल्या कुठल्या उत्तराला मागाहून धार लावली गेली, ही शंका माझ्या मनात राहतेच.

विशेषण ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेलं आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत 'मितभाषी' या अर्थानं रुळलं. रोमन लोकांनी मात्र त्याच नावानं भलतीच वस्तू ओळखली. त्यांच्या स्नानगृहातली घाम काढायची कोरडी, तापलेली खोली म्हणजे 'लॅकोनिकम'. इ.स.पू. 25 मध्ये रोमन सेनापती अग्रिप्पानं रोममध्ये तशी एक बांधली.