भंडाऱ्याचा लोहमार्ग आणि मुक्तीच्या आज्ञा

नागपूरहून कामठी, भंडारा रोड, तुमसर, तिरोडा, गोंदिया ही ठाणी मागे टाकीत राजनांदगावास जाणारा जो लोहमार्ग सरकारने 1880 ते 1882 च्या दरम्यान बांधला आणि पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीच्या स्वाधीन केला, तो वैनगंगा ओलांडून भंडारा जिल्ह्यातून जातो. आजचा गोंदिया जिल्हाही 1999 पर्यंत याच जिल्ह्यात मोडत असे. याच मार्गावरच्या प्रवासात, 1893 च्या सुमारास, कवी नारायण वामन टिळकांच्या हाती एका युरोपीय सहप्रवाशाने बायबल ठेवले. भंडाऱ्यास स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशन 1882 पासून होते. तथापि ख्रिस्ती मराठी वाङ्मयाला ज्याने नवे वळण दिले तो ग्रंथ मिशनच्या आवारात नव्हे, तर आगगाडीच्या डब्यात एका प्रवाशाने दुसऱ्यास दिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

टिळकांचे मन जडले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनावर. त्या प्रवचनात येशू नियमशास्त्र रद्द करीत नाही, पूर्ण करतो. हत्येचा निषेध तो क्रोधापर्यंत आणि व्यभिचाराचा निषेध दृष्टीपर्यंत नेतो. वरवर पाहता हा बंधनाचा फास अधिकच आवळणे होय. परंतु ज्या दहा आज्ञा रविवारच्या शाळेत मुलांकडून घोकून घेतल्या जातात, त्यांचा उपोद्घातच मुळी सुटकेचा आहे: मिसराच्या दास्यातून ज्याने लोकांस बाहेर काढले, तोच त्यांना आज्ञा देतो. आधी मुक्ती, मग नियम, हा क्रम विसरला की धर्म नुसता फौजदारी कायदा उरतो. चौथ्या आज्ञेत तर विसाव्याचा हक्क घरधन्याइतकाच दासदासींना, परदेशीयाला आणि गुराढोरांनाही दिला आहे. त्या काळी मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतावर वर्षभर राबणाऱ्या सालदाराने ही आज्ञा ऐकावी आणि तिच्यात आपले नाव वाचावे, याहून तिचे यथार्थ भाष्य कोणते असणार?

जातिभेदाविषयी टिळक पूर्वीपासूनच अस्वस्थ होते. ज्याच्या अंतःकरणावर आज्ञा कोरली गेली त्याला विटाळाच्या वहिवाटीचे भय उरत नाही, हे त्यांनी नुसते प्रतिपादिले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेऊन आप्तस्वकीयांचा दीर्घ वियोग पत्करला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईचे मन कसे पायरीपायरीने मोकळे होत गेले, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ज्याने वाचले असेल त्याला आज्ञापालन आणि स्वातंत्र्य यांचे नाते निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच मोकळेपणाने 1917 मध्ये टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर पत्करलेली मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही येशूभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, त्यांचे निधन झाले.