फुलबागेचे मांजरांपासून संरक्षण

फुलबागेचे मांजरांपासून संरक्षण म्हणजे परिसरातील मांजरांना इजा न करता फुलझाडांच्या वाफ्यांपासून दूर ठेवणे होय. विष्ठा पुरण्यासाठी मांजर कोरडी, भुसभुशीत माती निवडते; त्यामुळे धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात नुकतेच खुरपलेले वाफे त्याला सोयीचे ठरतात आणि उकरण्यात कोवळी रोपे उपटली जातात. वाफ्यात तुराट्या दाट रोवणे, मातीवर खडे वा जाळी अंथरणे आणि शक्य तेथे ती ओलसर ठेवणे हे उपयुक्त उपाय आहेत.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा गर्भास घातक ठरू शकणारा परजीवी पसरतो. विष्ठेतील परजीवी साधारणतः १ ते ५ दिवसांनी संसर्गक्षम होत असल्याने ती रोज, हातमोजे घालून काढावी. गर्भवतींनी हे काम टाळावे. मांजरास विष घालणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे.