कॅरॅव्हॅनची मैला टाकी घरच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करावी का?

झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेल्या गाड्या, म्हणजे कॅरॅव्हॅन, आता कोकण किनाऱ्यावरही दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आणले. वेंगुर्ले तालुक्यातले शिरोडा गोव्याच्या हद्दीलगत आहे, वेळागरचा किनारा आणि सुरूचे बन जवळ आहे, त्यामुळे इथे मुक्काम करावासा वाटणे साहजिक आहे. गाडी एखाद्या घराच्या किंवा होमस्टेच्या अंगणात लागते आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे विचारतात, ‘आमची टाकी तुमच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी केली तर चालेल का?’

प्रश्न साधा वाटतो. गाडीत मैला आहे, घराच्या टाकीतही मैलाच जातो. पण ‘हो’ म्हणण्याआधी घरमालकाने काही गोष्टी तपासायला हव्यात.

थोडक्यात उत्तर

टाकी पक्क्या तळाची असेल, विहीर पुरेशी लांब असेल, दिवस कोरडे असतील आणि गाडीच्या टाकीत जंतुनाशक रसायन नसेल, तर एखाद्या गाडीची टाकी सावकाश रिकामी करता येते. यातली एकही अट पूर्ण होत नसेल तर नाही म्हणावे. टाकीत जागा आहे की नाही, एवढ्यावर हा निर्णय होत नाही. टाकीतून बाहेर पडणारे पाणी कुठे जाते, ते आधी पाहावे लागते.

गाडीच्या टाकीत काय असते?

कॅरॅव्हॅनमध्ये सांडपाण्याचे दोन भाग असतात. संडासाचा मैला एका टाकीत जमतो. तिला मैला टाकी म्हणू. बेसिन, अंघोळ आणि भांड्यांचे पाणी दुसऱ्या टाकीत जाते. लहान गाड्यांत मैल्यासाठी सुटकेससारखी ओढून नेता येणारी, साधारण १५ ते २० लिटरची कॅसेट असते. मोठ्या गाड्यांत मैला टाकी गाडीच्या खाली पक्की बसवलेली असते आणि तिच्यात १०० लिटर किंवा त्याहून जास्त मैला मावतो.

घरी फ्लश करताना दर वेळी सहा ते दहा लिटर पाणी जाते. गाडीत पाणी मोजून वापरावे लागते, म्हणून गाडीतला मैला घरच्यापेक्षा बराच घट्ट असतो.

सेप्टिक टँक काय करते आणि काय करत नाही?

सेप्टिक टँकमध्ये मैला दोन दिवसांच्या आसपास स्थिर राहावा, अशी तिची रचना असते. जड भाग तळाला बसतो, तेलकट भाग वर साय धरतो आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. हवेविना जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू पचवतात.

मात्र टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते. विष्ठेतले रोगजंतू त्यात मोठ्या संख्येने असतात. ते पाणी खऱ्या अर्थाने गाळते ती शोषखड्ड्याभोवतीची कोरडी माती. मातीचा तो थर पुरेसा जाड असला, तर पाणी भूजलापर्यंत पोहोचेस्तोवर बहुतेक जंतू अडतात किंवा मरतात.

शिरोड्यात विहिरीची काळजी जास्त का?

किनाऱ्याजवळची जमीन वाळूची. तिच्यातून पाणी झटकन खाली उतरते. आत डोंगराकडे जांभा दगड लागतो आणि त्याच्या भेगांतूनही पाणी न गाळता दूरवर जाऊ शकते. दक्षिण कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात खोल गेलेले विहिरीचे पाणी जुलैत काठाजवळ येते. म्हणजे शोषखड्ड्याच्या तळाशी असलेली कोरडी माती पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि गाळणीच नाहीशी होते.

त्याच अंगणात किंवा गडग्यापलीकडे शेजाऱ्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर असते. पटकी, विषमज्वर, हगवण, ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ हे सगळे आजार मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतात. गाडी सकाळी निघून जाते, विहिरीचे पाणी घरच्यांनाच प्यायचे असते.

भारतीय मानक आयएस २४७० नुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब असावा. अंतर मोजताना फक्त आपली विहीर धरू नका, चारही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या विहिरी मोजा. नारळी-पोफळीच्या लहान परड्यात हे अंतर मिळणे अनेकदा अवघड असते.

तुमच्याकडे खरोखर सेप्टिक टँक आहे का?

गावाकडे संडासामागच्या कोणत्याही खड्ड्याला सेप्टिक टँक म्हटले जाते. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी आढळतात.

• पक्की सेप्टिक टँक: तळ आणि भिंती पाणी न झिरपणाऱ्या, आत दोन कप्पे, हवेसाठी उंच पाइप आणि पुढे स्वतंत्र शोषखड्डा.
• दोन खड्ड्यांचा संडास: आळीपाळीने वापरायचे दोन खड्डे, तळ मातीचा. थोड्या पाण्यावर चालणारी ही चांगली पद्धत आहे, पण एकदम शेकडो लिटर ओतण्यासाठी ती नाही.
• एकच खड्डा: चिरे किंवा सिमेंटच्या रिंगा लावलेला, तळ उघडा.

‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे कोणी अभिमानाने सांगत असेल, तर बहुधा तिला तळच नाही. मैल्याचे पाणी थेट जमिनीत जात आहे. अशा खड्ड्यात गाडीची टाकी रिकामी करू देऊ नका.

एकदम ओतल्याने काय बिघडते?

आयएस २४७० प्रमाणे पाच माणसांच्या घरासाठी टाकी साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद असते आणि तिच्यात एक मीटर पाणी राहते. म्हणजे सुमारे ११०० लिटर. ही टाकी नेहमी भरलेलीच असते. जेवढे आत येते तेवढेच बाहेर जाते.

गाडीची १०० लिटरची टाकी आणि ती धुतलेले ४० लिटर पाणी तीन-चार मिनिटांत ओतले, तर तेवढ्याच वेळात १४० लिटर पाणी शोषखड्ड्यात ढकलले जाते. हे पंधरा-वीस फ्लश एका दमात केल्यासारखे आहे. जोराच्या धारेने तळाचा गाळ ढवळतो आणि पाण्यासोबत पुढे जातो. असा गाळ शोषखड्ड्याच्या भिंतींवर बसला की त्या बुजतात, खड्डा पाणी घेईनासा होतो आणि संडास तुंबू लागतो. मग शोषखड्डा नव्याने करावा लागतो, तो खर्च घरमालकाच्या माथी.

निळ्या औषधाचे काय?

वास येऊ नये म्हणून गाडीच्या टाकीत बहुधा निळे द्रव टाकतात. काही उत्पादनांत फॉर्मॅल्डिहाइड असते. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक बाटलीत ज्यात टिकवतात, त्या फॉर्मॅलिनमध्ये हेच रसायन असते. ते जिवाणू मारते म्हणून बेडूक कुजत नाही. सेप्टिक टँकमध्ये मात्र कुजणे हेच काम असते. काही औषधांत अमोनियम गटातली जंतुनाशके असतात, त्यांचाही परिणाम तसाच.

एखाद्या वेळच्या थोड्या मात्रेतून टाकी सावरते. पण हंगामात दर आठवड्याला गाड्या येऊ लागल्या, तर जिवाणू मरतात, गाळ पचत नाही आणि टाकी लवकर भरते. म्हणून पाहुण्यांकडून औषधाची बाटली मागून घ्या आणि तिच्यावरचे घटक वाचा. जिवाणू किंवा एन्झाइम असलेले औषध चालते. फॉर्मॅल्डिहाइड, ब्लीच किंवा फिनेल असेल तर नको. बाटली दाखवता येत नसेल, तरीही नको.

रिकामी करायचीच असेल तर

१. गाडी सेप्टिक टँकच्या किंवा शोषखड्ड्याच्या झाकणावर उभी करू नका. काही टन वजनाखाली लादी खचू शकते.
२. कॅसेट असेल तर ती घराच्या संडासातच थोडी थोडी ओता आणि मध्ये मध्ये पाणी टाका. पक्की टाकी असेल तर तिचा पाइप संडास आणि सेप्टिक टँक यांच्या मधल्या तपासणी चेंबरमध्ये घट्ट बसवा. शोषखड्ड्यात, हवेच्या पाइपात किंवा टाकीच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला पाइप कधीही सोडू नका.
३. झडप थोडीच उघडा. वीस-पंचवीस लिटर गेल्यावर थांबा, अर्ध्या तासाने पुन्हा सोडा. शंभर लिटरला दोन-तीन तास लागतील, तेवढे लागू द्या.
४. धुण्यासाठी पिण्याच्या पाण्याचा होज मैला टाकीच्या आत बुडवू नका. पंप बंद पडला की नळीतले पाणी उलटे ओढले जाऊन घाण थेट विहिरीत किंवा वरच्या टाकीत जाऊ शकते. धुण्याची नळी वेगळी ठेवा आणि तिचे तोंड मोकळ्या हवेत धरा.
५. अंघोळीचे आणि बेसिनचे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. कोकणात न्हाणीचे पाणी केळीच्या किंवा माडाच्या आळ्यात सोडतात, तीच रीत इथे बरी. मात्र ते आळेही विहिरीपासून लांब असावे आणि पाण्यात ब्लीच नसावे.
६. रबरी हातमोजे घाला. सांडलेल्या जागी चुना टाका आणि साबणाने हात धुवा.

सेप्टिक टँकचे झाकण उघडून आत वाकू नका आणि जवळ विडी-काडी पेटवू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू काही क्षणांत शुद्ध हरपवतो, तर मिथेन पेट घेतो. कोणालाही टाकीत उतरवू नका. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठीची किमान भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

नाही कधी म्हणावे?

• जून ते सप्टेंबर, आणि त्यानंतरही विहिरीचे पाणी खाली जाईपर्यंत.
• आपली किंवा शेजाऱ्यांची विहीर ६० फुटांच्या आत असेल तर.
• खड्ड्याला तळ नसेल किंवा दोन खड्ड्यांचा संडास असेल तर.
• संडासातले पाणी आधीच सावकाश जात असेल किंवा शोषखड्ड्याजवळ ओल, वास असेल तर.
• लग्नकार्य किंवा गणपतीसाठी घर माणसांनी भरलेले असेल तर.

मग पाहुण्यांनी काय करावे?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे टाकी भरूच न देणे. गाडी अंगणात असेल तोवर पाहुण्यांना घराचा संडास वापरू द्या. मैला तेवढाच, पण तो दिवसभरात, पुरेशा पाण्यासोबत आणि औषधाविना जातो. टाकी भरलेलीच असेल तर मैला उपसणारी सक्शन गाडी बोलवा आणि ती मैला कुठे नेऊन टाकते हेही विचारा. होमस्टेकडे नेहमीच गाड्या येत असतील, तर विहिरीपासून दूर, पक्क्या तळाची वेगळी साठवण टाकी बांधून ती वेळोवेळी उपसून घेणे जास्त सुरक्षित.

खाडीत, ओहोळात किंवा सुरूच्या बनात टाकी सोडणे हा पर्याय नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ नुसार प्रवाहात किंवा विहिरीत घाण सोडण्यास मनाई आहे. शिवाय १९३० च्या सत्याग्रहामुळे देशभर माहीत झालेली शिरोड्याची मिठागरे भरतीच्या पाण्यावरच चालतात. खाडीत सोडलेली घाण तिथेही पोहोचू शकते.

विहिरीबद्दल शंका आली तर

पाण्याला वास आला किंवा घरात एकापाठोपाठ जुलाब सुरू झाले, तर पाणी उकळून प्या आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला कळवा. जंतू तपासण्याच्या बाटलीत पाणी भरून ठेवले आणि ते एक-दोन दिवसांत काळे पडले, तर मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता असते. मग टीसीएल टाकून विहीर शुद्ध करावी आणि प्रयोगशाळेत पाणी पुन्हा तपासून घ्यावे. निकाल चांगला येईपर्यंत, विहीर वापरणाऱ्या शेजाऱ्यांनाही पाणी उकळूनच पिण्यास सांगावे.