शिंगं आली कुठून?

शिंगांची शिरस्त्राणं घातलेले धिप्पाड दर्यावर्दी, मागे जळणारं चर्च आणि जीव मुठीत धरून पळणारे साधू. व्हायकिंगांच्या धाडीचं असं चित्र आपण मुलांच्या पुस्तकांत पाहिलेलं असतं. ते वर्गात दाखवताना आपण सहसा विचारत नाही, की हे काढलं केव्हा आणि कोणासाठी?

धाडी खऱ्याच होत्या. ८ जून ७९३ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला गेला. साधू मारले गेले. मठच का? तिथे सोन्याचांदीच्या वस्तू असत, राखणीला सैन्य नसे आणि जहाज थेट किनाऱ्याला लागे. एवढी कारणं पुरेशी होती. त्यामागे धर्मद्वेषच असला पाहिजे असं नाही.

याच बेटावर नवव्या शतकातला एक कोरीव स्मृतिदगड सापडला आहे. एका बाजूला शस्त्रं उगारलेली सात माणसं, दुसऱ्या बाजूला क्रूस, सूर्य, चंद्र आणि प्रार्थना करणारे लोक. काहींना त्यात हल्लेखोर दिसतात, तर काहींना जगाच्या अखेरचा न्यायदिन. शिंगं मात्र कोणाच्याच डोक्यावर नाहीत.

पुढे ११०० च्या सुमारास फ्रान्समधल्या आंजे इथल्या मठासाठी संत ओबँ यांचं सचित्र चरित्र तयार झालं. त्यात व्हायकिंगांनी भरलेलं जहाज आहे. हल्ला दहाव्या शतकातला, पण योद्ध्यांच्या हाती ढाली आहेत त्या चित्रकाराच्या काळातल्या, खाली निमुळत्या होणाऱ्या. व्हायकिंगांच्या ढाली गोल असत. चित्राचा हेतू संताचा महिमा सांगणं हा होता. शत्रू जितका भयंकर, तितका संत मोठा!

मग शिंगं आली कुठून? १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइट इथे वाग्नरच्या संगीत नाटकांसाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी वेशभूषा केली, त्यात शिंगांची शिरस्त्राणं होती. तिथून ही कल्पना फार पसरली. १९४३ साली नॉर्वेत येर्मुंडबू इथे व्हायकिंगांचं खरं शिरस्त्राण मिळालं. त्याला शिंगं नाहीत. डेन्मार्कमध्ये १९४२ साली शिंगांची दोन शिरस्त्राणं सापडली खरी, पण ती ब्राँझयुगातली, म्हणजे व्हायकिंगांच्या सुमारे १७०० वर्षं आधीची.

या धाडींची जवळपास सगळी समकालीन वर्णनं मठांतून आलेली आहेत. लिहिता येणारे तेच होते आणि मार खाणारेही तेच. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, पण ती एकच बाजू झाली. १९७६ ते १९८१ या काळात यॉर्क शहरात उत्खनन झालं, तेव्हा व्हायकिंग काळातल्या चांभारांची, लाकूड कातणाऱ्यांची, फण्या करणाऱ्यांची वस्तीही उजेडात आली.

म्हणून असं चित्र फेकून द्यायचं कारण नाही. ७९३ बद्दल ते फारसं सांगत नसलं, तरी ज्या काळात ते काढलं त्याबद्दल बरंच सांगतं. आपल्या पाठ्यपुस्तकातलं कुठल्याही लढाईचं चित्र घेऊन मुलांना विचारून पाहू या: चित्रकार तिथे होता का? नसेल, तर कपडे, हत्यारं, चेहरे त्याने कशावरून काढले?